शोकाचा अधिकार : ‘मित्राची गोष्ट’ ते ‘साबर बोंडं’

मराठी घरात मृत्यू झाला की पुढचे दहा-बारा दिवस त्या घराला एक निराळी शिस्त लागते. दार उघडे राहते. माणसे ‘भेटायला’ येतात, शेजारच्या घरातून पिठले-भात येतो, आलेली माणसे फार बोलत नाहीत आणि उठताना ‘येतो’ असे म्हणत नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी भाषेबरोबर जे काही जपले, त्यात ही शिस्तही आहे. तिचा अर्थ साधा आहे. दुःख करणाऱ्याला समाज सांगतो की, तुझे नाते आम्हांला ठाऊक आहे, तुझे दुःख आम्हांला मान्य आहे, आणि इतके दिवस तुझ्याकडून आमची काही अपेक्षा नाही.

मात्र ही सवलत नाते पाहून मिळते. ज्या नात्याला समाजात नाव नाही, त्याच्या वियोगाचे सुतक कोणी पाळत नाही. ते दुःख ज्याचे त्याने, दार लावून, कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने करायचे असते. प्रस्तुत लेखात आम्हांला ज्या तीन मराठी कलाकृतींविषयी लिहायचे आहे, त्या तिन्ही कलाकृती या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात असे आम्हांस वाटते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ साली रंगभूमीवर आलेले नाटक, सचिन कुंडलकर यांची २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी आणि रोहन कानवडे यांचा २०२५ सालचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट. तिन्हींच्या केंद्रस्थानी समलिंगी माणूस आहे. पहिल्या कृतीपासून तिसरीपर्यंत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

या वाटचालीकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. पूर्वी हा विषय निषिद्ध होता, मग तो धिटाईने मांडला गेला, आता तो मोकळेपणाने मांडला जातो, असा तो चढता आलेख. हे खोटे नाही, पण त्यातून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. लेखक किती धीट झाले एवढेच त्यातून कळते; ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्या माणसांचे पुढे काय झाले, हे कळत नाही. वाढत्या वयात ज्याला घराने आहे तसा पत्करला नाही, तो माणूस पुढे तिशी-चाळिशीत सावरतो कसा, स्वतःला सापडतो कसा, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या तीन कृतींत शोधताना आम्हांला असे दिसले की, सावरणे म्हणजे विसरणे नव्हे आणि जाहीर घोषणा करणेही नव्हे. जे गमावले त्याबद्दल उघडपणे दुःख करण्याची मुभा मिळणे, येथून सावरण्याला सुरुवात होते. गमावलेल्या गोष्टींत माणसे असतात, तसे आपले न जगलेले बालपण आणि तारुण्यही असते.

‘मित्राची गोष्ट’ या नावातच एक श्लेष आहे. मित्रा म्हणजे नाटकाची नायिका सुमित्रा देव. तिची ही गोष्ट. आणि ती सांगतो तिचा मित्र बापू, म्हणून ती एका मित्राचीही गोष्ट. इंग्रजी भाषांतराच्या ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ या नावात यातला एकच अर्थ उरला. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या महाविद्यालयीन वातावरणात हे नाटक घडते. मित्रा धीट आहे, मनस्वी आहे. आपण इतर मुलींसारखे नाही हे तिला कळते, तेव्हा ती जीव देण्याचा प्रयत्न करते. त्यातून वाचल्यावर बापूची मैत्री हाच तिचा आधार होतो. महाविद्यालयाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना ती नमा देशमुख या मुलीच्या प्रेमात पडते. नमाच्या आयुष्यात आणखी एक पुरुष आहे. त्याच्याशी झगडा होतो, बदनामी होते, नमा दुरावते, आणि शेवटी मित्रा आपले आयुष्य संपवते. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली मित्रा त्या काळच्या प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली आहे.

तेंडुलकरांच्या सहानुभूतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९८१ साली भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम लागू होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली जायला अजून नऊ वर्षे होती. अशा वेळी मराठी रंगमंचावर अशी नायिका उभी करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तरीही आज हे नाटक वाचताना एक गोष्ट खटकते. मित्राजवळ आपल्या दुःखाला शब्द नाही. नमाचा वियोग ती सोसते तेव्हा आजूबाजूच्यांच्या लेखी तो हट्ट असतो, विकृती असते, बेतालपणा असतो; विरह कधीच नसतो. हेच दुःख एखाद्या मुलाने एखाद्या मुलीसाठी केले असते, तर त्याच माणसांनी त्याला देवदासाच्या पंगतीला बसवले असते. बापू ऐकतो, धावपळ करतो, जमेल तितके करतो. पण तोही मित्राकडे सोडवायचा प्रश्न म्हणून पाहतो आणि प्रश्न सुटत नाही म्हणून थकतो.

नाटकाच्या अखेरीस रंगमंचावर शोक उरतो तो बापूचा. मित्राच्या मृत्यूचे दुःख बापूला करता येते, कारण मैत्री हे नाते समाजाला ठाऊक आहे. नमाच्या वियोगाचे दुःख मित्राला करता आले नाही, कारण त्या नात्याला जागा नव्हती. प्रेक्षक बापूबरोबर हळहळतात आणि घरी जातात. आमच्या मते नाटकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत. समाजाने मित्राला काय नाकारले हे ते दाखवते. पण तिची गोष्ट सांगण्याचा अधिकारही तिला देत नाही.

याच १९८१ सालाशी जोडलेली एक गोष्ट वडोद्याच्या वाचकांना जवळची वाटेल. भूपेन खख्खर हे मुंबईत जन्मलेले, व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेले गुजराती चित्रकार १९६२ पासून वडोद्यात राहत होते. १९८० साली त्यांच्या आईचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र काढले. गच्चीत पाठमोरा उभा असलेला एक विवस्त्र पुरुष समोरचे गाव पाहतो आहे, आणि त्या गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट घडते आहे. सगळ्यांना खूश करायला निघालेल्या बापलेकांची ती गोष्ट. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, आणि खख्खरांनी आपल्या समलिंगीपणाविषयी उघड बोलायला याच सुमारास सुरुवात केली असे मानले जाते. त्यांच्या मनात शिरण्याचा आमचा विचार नाही. पण त्या पिढीतल्या अनेकांची अडचण त्या तारखांत दिसते. आई-वडील असेपर्यंत बोलायचे नाही, आणि बोलता येईल तेव्हा ज्यांना सांगायचे तेच उरलेले नसतात. अशा माणसाच्या शोकात सुटकेची भावना मिसळलेली असते, आणि त्या सुटकेची लाजही. हा गुंता पुढे ‘साबर बोंडं’कडे वळू तेव्हा ध्यानात ठेवायला हवा.

‘कोबाल्ट ब्ल्यू’ लिहिली तेव्हा कुंडलकर विशीच्या आरंभी होते. पुण्यातले जोशी कुटुंब, घरात तीन मुले, आणि वरच्या खोलीत राहायला आलेला एक भाडेकरू. त्याला कादंबरीत नाव नाही. धाकटा मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. पुढे बहीण अनुजा त्याच भाडेकरूबरोबर घरातून निघून जाते, आणि काही महिन्यांनी तो तिलाही सोडून गेल्यावर एकटी परत येते. पहिला भाग तनयचा. तो निघून गेलेल्या त्या ‘तू’ला उद्देशून आहे. दुसरा भाग अनुजाची रोजनिशी. एकाच माणसाविषयी केलेली ही दोन निवेदने शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

या कादंबरीविषयी बरेच लिहिले गेले आहे. जेरी पिंटो यांच्या २०१३ सालच्या इंग्रजी भाषांतरानंतर ती मराठीबाहेरही पोचली. आमचे लक्ष वेधले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे घराला येणारा संशय. तनय तासन्‌तास वरच्या खोलीत असतो, याचे कोणाला काहीच वाटत नाही. हेच अनुजाने केले असते तर पहिल्या संध्याकाळी प्रश्न विचारले गेले असते. तनयला मिळालेले हे स्वातंत्र्य वरवर पाहता सोयीचे आहे. पण ते मिळते याचे कारण असे की, आपला मुलगा असा असू शकतो ही कल्पनाच त्या घरात शिरलेली नाही. कोणी त्याला मारत नाही, हाकलून देत नाही, टाकून बोलत नाही. अस्वीकार म्हटला की आपल्याला शिवीगाळ आणि घराबाहेर काढणे आठवते. कुंडलकरांनी त्याचे दुसरे, अधिक प्रतिष्ठित रूप दाखवले आहे. सुशिक्षित, सौम्य, एकमेकांची काळजी घेणाऱ्या घरात एक मुलगा वाढतो आणि त्याचे असणेच कोणाच्या गणतीत नसते. आपल्यापैकी पुष्कळांची घरे या दुसऱ्या प्रकारची आहेत, म्हणून हा भाग वाचताना आपल्याला अधिक अस्वस्थ व्हायला हवे.

दुसरी गोष्ट, अनुजा परत आल्यानंतरची. घर हादरते, रागावते, तिची काळजी करते. तिचे दुःख हा घराचा विषय होतो. लोकांना काय सांगायचे, याची चर्चा होते. म्हणजे सांगण्यासारखे काहीतरी झाले आहे हे तरी सर्वांना मान्य आहे. तनयने तोच माणूस गमावलेला आहे. तो त्याच छताखाली, त्याच जेवणाच्या टेबलापाशी बसलेला आहे, आणि त्याने बहिणीच्या दुःखात सहभागी व्हावे अशी अपेक्षा आहे. एका वियोगाचे दोन वारस, आणि त्यांपैकी एकाचीच नोंद. या एका मांडणीसाठी आम्ही ‘कोबाल्ट ब्ल्यू’ला मराठीतली महत्त्वाची कादंबरी मानतो. तनयचे सगळे निवेदन म्हणजे भेटायला न आलेल्या माणसांविना केलेला शोक आहे. तो आठवतो, वस्तू मोजतो, रंग आणि वास आठवतो, आणि हे सगळे ज्याला सांगायचे तो उत्तर द्यायला नाही.

मित्रापेक्षा तनय कितीतरी पुढे आहे. स्वतःविषयी त्याला घृणा नाही. आपण कोण आहोत हे त्याला ठाऊक आहे. आपली गोष्ट तो स्वतः सांगतो. त्याच्या जवळ नाही तो साक्षीदार. म्हणून त्याला घर सोडून मुंबईला जावे लागते. मोठे शहर आपल्याला नावाने ओळखत नाही, आणि काही माणसांना सुरुवातीला तेवढीही मोकळीक पुरेशी होते. पण घर सोडून मिळालेले स्वातंत्र्य आणि सावरणे यांत फरक आहे. कादंबरी हा फरक ओळखते आणि तेथेच थांबते. तिने शेवट गोड केला नाही हा तिचा प्रामाणिकपणा होय. उणेच काढायचे तर आई-वडिलांच्या व्यक्तिरेखांचे काढता येईल. ते घराच्या भिंतींसारखे आहेत. त्यांच्या मनात डोकावण्याची लेखकाला तेव्हा गरज वाटली नसावी.

कुंडलकरांनी स्वतःच या कादंबरीवर केलेला हिंदी-इंग्रजी चित्रपट २०२२ साली आला. त्यात कथा पुण्याहून कोचीला गेली आणि कुटुंब केरळात राहणारे मराठी कुटुंब झाले. चित्रपट देखणा आहे; कादंबरीतली घुसमट मात्र त्या निसर्गसौंदर्यात बरीचशी विरघळते. तरी ही स्थलांतराची कल्पना आपल्यासारख्यांना विचार करायला लावणारी आहे. परप्रांतातल्या मराठी घरात भाषा टिकते ती घरामुळे. मुलाला पुण्या-साताऱ्याची मुलगी करून आणायची, मुलीचे स्थळ मंडळाच्या ओळखीतून पाहायचे, नातवंडांशी मराठीत बोलायचे, या साखळीने शंभर-दोनशे वर्षे भाषा तगली. त्यामुळे लग्न न करणारा मुलगा किंवा मुलगी ही केवळ त्या घराची काळजी राहत नाही. एक दुवा निखळला असे सगळ्या आळीला वाटते. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, मंडळाच्या वार्षिक सभेला ‘यंदा लाडू कधी?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. पण ज्याला तो वीस वर्षे विचारला गेला, तो हळूहळू गणपतीला घरी येईनासा होतो, आणि मग त्याच्याबरोबर त्याची मराठीही जाते. जी भाषा वाचवण्यासाठी आपण तो प्रश्न विचारला, तिचाच एक बोलणारा आपण गमावला.

या दोन कृतींच्या मधल्या आणि नंतरच्या काळात मराठीत आणखी एक काम होत होते. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात मुलाचा समलिंगीपणा कळलेली आई बोलते. मराठी रंगभूमीने पालकाच्या मनातली उलथापालथ ऐकवली ती अशी. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत या विषयावर सातत्याने लिहिले. त्यांच्या ‘पार्टनर’ कादंबरीची वपुंच्या त्याच नावाच्या कादंबरीशी गल्लत करू नये. खिरे यांचे लेखन वाङ्मयीन निकषांवर अनेकदा कमी पडते. त्यात माहिती देण्याची घाई असते आणि पात्रे कधीकधी समुपदेशकासारखी बोलतात. पण ज्या वाचकाने आपल्या अनुभवाला मराठीत शब्दच ऐकलेला नाही, त्याच्या दृष्टीने हा दोष नाही. मित्राला जो शब्द मिळाला नव्हता, तो या पुस्तकांनी अनेकांना मिळवून दिला.

याच ओळीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन येते. वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून ते २०१२ साली मराठीत प्रसिद्ध झाले. लक्ष्मी यांचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातले, ठाण्यात स्थायिक झालेले. आपण महाराष्ट्रातून बाहेर गेलो, ते बाहेरून महाराष्ट्रात आले. आणि त्यांनी आपली कहाणी आधी मराठीत सांगितली. समलिंगी असणे आणि तृतीयपंथी असणे या निराळ्या गोष्टी आहेत हे येथे स्पष्ट करायला हवे. पण या पुस्तकात एक धागा आपल्या विषयाशी जुळतो. लक्ष्मी यांच्या आई-वडिलांनी त्यांना टाकले नाही. समाजाने दिलेल्या जखमांची यादी या पुस्तकात लांब आहे, आणि तरी निवेदनाचा स्वर ताठ मानेचा आहे. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे असे आम्ही मानतो.

हे केवळ वाचकाचे अनुमान नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समलिंगी आणि उभयलिंगी तरुण-तरुणींचा अभ्यास करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना किशोरवयात घरातून तीव्र नकार सोसावा लागला, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, नकार नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या घरांतील मुलांच्या मानाने ८.४ पट आढळले. मित्रा दोनदा मरणाकडे जाते, ती तेंडुलकरांच्या नाट्यदृष्टीची गरज म्हणून नव्हे, हे असे आकडे वाचल्यावर कळते.

आता ‘साबर बोंडं’. २०२५ सालच्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट. तेथे जागतिक कथापटांच्या विभागात त्याला सर्वोच्च ज्यूरी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा, तिशीतला आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर मूळ गावी येतो. दहा दिवस सुतक पाळायचे आहे. नातेवाईक जमलेले आहेत, त्यांचे नियम आहेत, आणि लग्नाचा विषय सुतकातही टळत नाही. याच दिवसांत त्याची बाळ्या या लहानपणच्या मित्राशी पुन्हा गाठ पडते. बाळ्या शेती करतो. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. दिग्दर्शकाच्या वडिलांच्या निधनानंतरच्या अनुभवातून ही कथा सुचली. पार्श्वसंगीत नाही, गुरांचे, वाऱ्याचे, भांड्यांचे आवाज आहेत. कॅमेरा हलण्याची घाई करत नाही.

या लेखाच्या आरंभी आम्ही सुतकाच्या शिस्तीचा उल्लेख केला, तो या चित्रपटामुळे. जी रूढी एरवी असे माणूस बाहेर ठेवण्याच्या कामी येते, तीच येथे त्याला आसरा देते. दहा दिवस त्याला कोठे जायचे नाही, काही सिद्ध करायचे नाही. दुःखी असण्याची त्याला अधिकृत परवानगी आहे. आणि वडिलांसाठी मिळालेल्या त्या परवानगीच्या आडोशाने तो आणखी कितीतरी गोष्टींचे दुःख करून घेतो : गावी न घालवलेली वर्षे, अर्धवट राहिलेली मैत्री, लपवण्यात गेलेले तारुण्य. बाळ्या त्याच्यासाठी साबराची बोंडे आणतो. निवडुंगाचे हे फळ ज्यांनी खाल्ले आहे त्यांना ठाऊक असेल की, त्याची बारीक कुसे डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटात गेली की दिवसभर सलतात. ती काढून, सोलून कोणी हातात ठेवले तरच ते गोड लागते. दिग्दर्शकाने या प्रतिमेवर भाष्य केलेले नाही. फळ हातात येते एवढेच.

आनंद, तनय आणि मित्रा यांच्यात फरक पडतो तो आईमुळे. आनंदच्या आईला मुलाविषयी माहीत आहे. वडिलांनाही माहीत होते. आई शिकलेली नाही, तिच्याजवळ या विषयाचे कोणतेही पारिभाषिक शब्द नाहीत, आणि नातेवाइकांपुढे ती मुलाची बाजू घोषणा करून मांडत नाही. ती फक्त त्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहते. तनयच्या सुशिक्षित घराला जे सुचले नाही, ते या बाईला जमले आहे. वडिलांना ठाऊक होते, म्हणूनच आनंदचा शोक निर्भेळ आहे. त्यात सुटकेची लाज नाही. मघाशी ज्या पिढीचा उल्लेख केला, तिला आई-वडिलांच्या मृत्यूची वाट पाहावी लागली. आनंदला वडिलांसाठी केवळ मुलगा म्हणून रडता येते, आणि सावरणे म्हणजे काय याचे यापेक्षा नेमके चित्र मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

चित्रपटावर एक आक्षेप घ्यायला हवा. आई-वडिलांनी मुलाला पत्करले, ते कथा सुरू होण्यापूर्वी. पहिल्यांदा सांगितले तेव्हा काय झाले, किती दिवस अबोला होता, आई कोणापाशी रडली, हा सगळा कठीण प्रदेश पडद्याबाहेर राहिला आहे. ज्या घरांना आज त्या वाटेने जायचे आहे, त्यांना चित्रपट मुक्काम दाखवतो, रस्ता दाखवत नाही. दुसरी उणीव या एका चित्रपटाची नव्हे, सबंध परंपरेची. मित्रानंतर तिच्या तोलाची समलिंगी स्त्री मराठी साहित्यात ठसठशीतपणे उभी राहिलेली नाही. तनय आणि आनंद यांना शहर होते, नोकरी होती, रात्री-अपरात्री हिंडण्याची मुभा होती. तिशीतल्या मित्राने, ती जगली असती तर, कोठे जायचे, कोणापाशी दुःख करायचे, हे सांगणारी कादंबरी अजून लिहिली जायची आहे.

या काळात कायदा बदलला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ३७७ व्या कलमातून वगळले. विवाहाचा अधिकार देण्यास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार मिळाला. म्हणजे पोलिसांचे भय गेले, पण नात्याला नाव मिळाले नाही. रुग्णालयाच्या दारात, स्मशानात, श्राद्धाच्या पानावर वीस वर्षांचा जोडीदार अजूनही ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ म्हणूनच उभा राहतो. तेंडुलकरांच्या शीर्षकातला श्लेष असा कायद्यातही शिल्लक राहिला आहे.

हे अंतर न्यायालय भरून काढीपर्यंत जे होईल ते घरातच होईल, आणि आपल्यासारख्या जुन्या वसाहतींत ‘घर’ या शब्दात मंडळ, ग्रंथालय आणि आळीही येते. साहित्याकडून याबाबतीत फार मोठी अपेक्षा करू नये. एका नाटकाने किंवा चित्रपटाने कोणाचे मन पालटत नाही. पण कोणाच्या दुःखाला दुःख म्हणायचे, याची आपली यादी साहित्य हळूहळू लांबवते. विधवेचे केशवपनाचे दुःख, दलिताचे पाणवठ्यावरचे दुःख या यादीत आपोआप आले नाही. ते कोणीतरी लिहिले आणि कोणीतरी वाचले म्हणून आले.

‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही दोन्ही पुस्तके मिळवून वाचण्याजोगी आहेत, आणि ‘साबर बोंडं’ आई-वडिलांनी मोठ्या झालेल्या मुलांबरोबर बसून पाहावा असा आहे. त्यानंतर काही बोलणे झाले तर उत्तम. न झाले तरी, पुढच्या गणपतीला लाडवांचा प्रश्न न विचारता ‘तू कसा आहेस? तिकडे तुझ्या जवळ कोण असते?’ एवढे विचारून उत्तराची वाट पाहता आली, तर या तीन कलाकृती आपण नीट वाचल्या असे म्हणता येईल.